माती खाणारे मूल आणि आपले लेखक

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या उस्मानपुऱ्यात मातीचा प्रश्न निघतो. किल्ल्याची चाल आमच्याकडे पुण्याइतकी जुनी नसेल. पण आता ती चांगली रुजली आहे. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या, इमारतींच्या आवारात सिमेंटच्या विटा बसल्या, आणि मुलांना किल्ल्यासाठी माती मिळेनाशी झाली. मग कोणी पीर बाजाराकडून पोत्यात भरून आणतो, कोणी रोपवाल्याकडून विकत घेतो. गेल्या वर्षी आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलांनी तयार रंगवलेला, प्लास्टरचा किल्ला आणला. तो सुबक होता. त्यावर अळीव पेरता येईना, एवढीच काय ती अडचण.

मी ज्या बालवाडीत शिकवते तिथेही यंदा हाच प्रश्न आला, पण उलट बाजूने. आमच्या बालवाडीपुढे एक कडुनिंब आहे आणि त्याच्याभोवती दोन खोल्यांएवढी उघडी जमीन. ती फरशीने झाकून टाकावी असे काही पालकांचे म्हणणे पडले. पालकसभेत मी उठले आणि मातीविषयी बोलले. मी कादंबऱ्या लिहिते. तेव्हा बोलले ते बरे बोलले असणार. काळी आई, मातीशी नाळ, मातीत वाढलेली पिढी, सारे काही झाले. माझे बोलणे संपल्यावर मागच्या बाकावरची एक आई शांतपणे म्हणाली, "बाई, नाळ मातीशी ठीक आहे, पण माझ्या पोराच्या पोटात जंत झाले तर औषध नाळ देणार का?"

सभा हसली. मीही हसले; पण घरी आल्यावर तो प्रश्न माझ्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत माझ्या मागे आला. मातीविषयीचे जे शब्द मी त्या सभेत उधळले ते माझे नव्हतेच; ते मी वाचलेल्या मराठी पुस्तकांचे होते. आणि त्या पुस्तकांनी मातीकडे खरोखर पाहिले होते का, याची मला पहिल्यांदाच शंका आली. तेव्हा हा लेख त्या शंकेचा आहे. मी काही डॉक्टर नाही, पंडितही नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, चाळिशी उलटलेली एक शिक्षिका आहे. वाचकांनी त्या बेताने घ्यावे.

आपल्या वाङ्मयातले माती खाणारे पहिले मूल अर्थातच गोकुळातले. भागवताच्या दशमस्कंधात ती कथा आहे, आणि श्रीधराच्या 'हरिविजया'मुळे ती मराठी घराघरात गेली. बलरामादी मुले चहाडी करतात, यशोदा कान धरते, तोंड उघडायला लावते आणि त्या तोंडात तिला अवघे विश्व दिसते. कीर्तनकार इथे थांबून विश्वरूपाचे वर्णन करतात. मला मात्र त्यापूर्वीचा क्षण महत्त्वाचा वाटतो. यशोदा रागावली आहे. ती गौळण आहे, गाईगुरांत वावरणारी आहे, पण मुलाने माती खाल्लेली तिला चालत नाही. कथाकाराने आईचा हा धाक खरा ठेवला म्हणूनच पुढचा चमत्कार उठून दिसतो. पुढे आम्ही लेखकांनी चमत्कार तेवढा उचलला आणि धाक टाकून दिला.

दुसरे मूल श्याम. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले आणि 1935 साली ते प्रसिद्ध झाले. अत्र्यांच्या चित्रपटामुळे 1953 नंतर ते न वाचणाऱ्यांपर्यंतही पोचले. त्यातला तो प्रसंग कोणाला आठवत नाही? आंघोळ झालेली आहे, पायांना माती लागेल म्हणून श्याम धोंड्यावरून उतरायला तयार नाही. आई आपला पदर पसरते, त्यावर पाय देऊन तो जातो. आणि आई त्याला सांगते की पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप. लहानपणी हे वाचताना माझे डोळे भरून येत. आजही येतात, पण आता मनात एक खोडसाळ प्रश्न येतो. कोकणातल्या पालगडसारख्या गावात, जिथे पावलागणिक पाला, शेण, चिखल आणि झरे, तिथल्या मुलाच्या ओल्या पायांना माती लागली असती तर काय बिघडले असते? गुरुजींना तिथे मातीविषयी काही सांगायचे नव्हते. त्यांना मनाविषयी सांगायचे होते. त्यासाठी त्यांनी माती ही मळाची खूण म्हणून वापरली. हा वापर फार जुना आहे आणि तो निरुपद्रवी नाही. माती म्हणजे मळ, मळ म्हणजे दोष, आणि ज्याच्या अंगाला माती तो दोषी, इथपर्यंतची उतरण आपल्या समाजाने उतरलेली आहे.

ती उतरण लक्ष्मीबाई टिळकांनी दाखवली. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 सालचा. त्यातले आरंभीचे वडिलांचे चित्र मराठीत अजोड आहे. सोवळ्याने पछाडलेला माणूस, त्यापायी सारे घर वेठीला धरलेले, बाजारातून आलेला जिन्नसही धुतल्याशिवाय आत न घेणारा. लक्ष्मीबाई हे सांगताना रडत नाहीत, रागावत नाहीत, हसतात. त्या हसण्यानेच कळते की हे धुणे जंतूंसाठी नव्हते, माणसांसाठी होते. कोणाचा हात लागला, कोणाची सावली पडली, याचे ते धुणे. आपण ज्याला स्वच्छता म्हणत आलो तिच्यात साबण किती आणि विटाळ किती, याचा हिशेब मराठीत इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणी मांडलेला मला माहीत नाही. याच्या उलट टोकाला आमच्या पैठणच्या नाथांची गोष्ट आहे. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे पोर त्यांनी उचलून कडेवर घेतले. ती वाळू आज नाथसागराच्या अलीकडे उरली आहे तेवढी आहे. आमच्या शहराचे पाणीही तिथूनच येते; येते तेव्हा.

यानंतर आली ग्रामीण कथाकादंबरी, आणि मातीचे दिवस पालटले. माझी पिढी याच साहित्यावर वाढली. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 सालची. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. शाळेत यायला पोरे मोकळी नाहीत, कारण ती मेंढरांमागे आहेत. शिक्षिका म्हणून ती कादंबरी मी किती वेळा वाचली असेन! तिच्यात धूळ आहे, लेंड्या आहेत, मेंढरांचा वास आहे, आणि माडगूळकर त्यातल्या कशाचीही आरती करीत नाहीत. शेवटी दुष्काळ येतो, मेंढरे मरतात, वाडी ओस पडते. माती कोणाचे लाड करीत नाही हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या मागून आलेल्या आम्हा बहुतेकांना ते ठाऊक नव्हते. आम्ही शहरात बसून मातीचा सुगंध लिहिला.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सारे उकरले ती सांगते. अलीकडच्या तीसपस्तीस वर्षांत शास्त्रज्ञांनीही माती आणि मूल यांचाच विषय हाती घेतला आहे; आणि त्यांची गोष्ट आमच्यापेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे.

आरंभ झाला 1989 साली. डेव्हिड स्ट्रॅचन नावाच्या इंग्रज संशोधकाने 1958 साली जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची तेविसाव्या वर्षापर्यंतची माहिती तपासली. परागकणांमुळे नाक वाहते, शिंका येतात, तो विकार कोणाला जास्त होतो? त्याला आढळले की ज्यांना थोरली भावंडे अधिक, त्यांना तो कमी. त्याने तर्क केला की थोरल्या भावंडांकडून धाकट्यांना लहानपणी लहानसहान संसर्ग होतात आणि तेच पुढे त्यांना राखतात. वर्तमानपत्रांनी याचे केले, 'घाण बरी, स्वच्छता वाईट'. शास्त्रज्ञांना पुढे या वाक्याचा फार ताप झाला. सॅली ब्लूमफील्ड यांच्यासारख्या आरोग्याच्या अभ्यासकांनी तर हे नावच चुकीचे आहे असे परखडपणे सांगितले: हात धुणे सोडल्याने कोणाचा दमा बरा होत नाही, हगवण मात्र होते. लंडनच्या ग्रॅहम रूक यांनी 2003 साली वेगळी मांडणी केली. मुलाला गरज आहे ती रोगांची नव्हे, तर 'जुन्या सोबत्यां'ची. माती, पाणी, झाडे, जनावरे आणि मुख्यतः आई, यांच्याकडून येणारे जे असंख्य निरुपद्रवी सूक्ष्म जीव माणसाच्या संगतीत लाखो वर्षे राहिले, त्यांची ओळख अंगाला लहानपणीच व्हावी लागते.

ही ओळख म्हणजे काय, हे मी माझ्या बालवर्गावरून समजून घेतले. जूनमध्ये नवे मूल येते ते दिसेल त्याला पाहून रडते. शिपायाला पाहून रडते, घंटेला रडते, शेजारच्या मुलाच्या डब्याला रडते. दिवाळीपर्यंत त्याला कळलेले असते की कोणापुढे रडायचे आणि कोणापुढे नाही. बाळाच्या अंगातली संरक्षक व्यवस्था अशीच कोरी येते. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये काही महिने पुरतात; पण खरे शहाणपण भेटीगाठींतून यायचे असते. जन्माच्या वाटेवर आईचे जीवाणू अंगाला लागतात. आईच्या दुधात तर काही शर्करा अशा आहेत की त्या बाळाला पचतच नाहीत, त्या बाळाच्या आतड्यातल्या विशिष्ट जीवाणूंसाठीच वाढलेले ताट असतात. (हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. आई आपल्या मुलाबरोबर त्याच्या सोबत्यांनाही जेवू घालते, ही कल्पना कोणा कवीला का सुचली नाही?) या भेटींतून अंगात काही पेशी अशा तयार होतात की त्यांचे काम लढणे नसून लढणाऱ्यांना आवरणे हे असते. त्या नियंत्रक पेशी कमी पडल्या की फौज परागकणावर धावते, शेंगदाण्यावर धावते, कधी स्वतःच्याच देहावर धावते. दमा, इसब, अन्नाची वावडी यांच्यामागे हा गोंधळ मोठ्या प्रमाणात आहे.

याची सर्वांत चित्तवेधक कहाणी कारेलियाची. फिनलंड आणि रशिया यांच्यामध्ये हा प्रदेश दुसऱ्या महायुद्धानंतर दुभंगला. दोन्ही बाजूंना रक्तामासाची जवळीक असलेली माणसे. पण फिनलंडच्या बाजूला जीवन आधुनिक झाले आणि रशियाच्या बाजूला ते बरेचसे जुन्या शेतकऱ्यासारखे राहिले. ॲलर्जीचे विकार फिनलंडच्या बाजूला कितीतरी अधिक. इल्का हान्स्की या फिनिश जीवशास्त्रज्ञाने, जो मुळात फुलपाखरांचा अभ्यासक, आपल्या सहकाऱ्यांबरोबर 2012 साली 118 किशोरवयीन मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या मुलांच्या घराभोवती झाडाझुडपांची विविधता जास्त, त्यांच्या कातडीवरच्या जीवाणूंतही विविधता जास्त. आणि ज्यांच्यात ॲलर्जीची प्रवृत्ती, त्यांच्या घराभोवती आणि कातडीवर ती कमी. इथे महत्त्वाचा शब्द 'विविधता' हा आहे. माती किती, हा प्रश्न नाही. मातीत कोण कोण आहे, हा आहे.

आणि अमेरिकेतले अमिश आणि हटराइट. दोन्ही पंथ मध्य युरोपातून गेलेले शेतकऱ्यांचे, दोघांचे राहणे साधे, दोघांची बिऱ्हाडे मोठी. अमिश घोड्यांनी शेती करतात, गोठा घराला लागून. हटराइटांची सामुदायिक शेती यंत्रांची, आणि गुरे वस्तीपासून दूर. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दोन्हीकडची तीस-तीस शाळकरी मुले तपासली. दम्याचे प्रमाण अमिश मुलांत शेकडा 5 च्या आसपास, हटराइटांत 21 च्या. अमिश घरांतल्या धुळीत जीवाणूंच्या अंशांचे प्रमाण जवळजवळ सातपट. ती धूळ उंदरांच्या नाकात घातली तर त्यांनाही दम्यापासून आडोसा मिळाला. मला इथे बनगरवाडीची पोरे आठवली. मेंढरांच्या अंगाशी झोपणाऱ्या त्या पोरांना मास्तराने पाटी दिली हे चांगलेच झाले. पण मेंढरेही त्यांना काही शिकवीत होती, हे मास्तरालाही ठाऊक नव्हते, माडगूळकरांनाही, आणि मलाही.

यावर कोणी म्हणेल, बाईंना पालकसभेसाठी चांगले उत्तर सापडले. मलाही क्षणभर तसेच वाटले. पण याच सुमारास घरात दुसरी गोष्ट घडली.

माझ्या धाकट्या भावाचे बाळ नऊ महिन्यांचे आहे. रांगते. गालांवर आणि कोपराच्या घडीत इसब. वहिनी त्याला जमिनीवर ठेवत नाही. सतरंजीवर चादर, चादरीवर दुपटे. मी माझे नवे ज्ञान तिच्यापुढे मांडले, खाली झाडांच्या वाफ्याशी त्याला बसू दे म्हटले. कारेलिया सांगितला, अमिश सांगितले. आई जवळच वाती वळीत होती. ती माझी पहिली कादंबरी वाचलेली एकमेव नातेवाईक आहे; बाकीच्यांनी ती सत्कारात पाहिली. त्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात एक परिच्छेद आहे. बाळंतिणीच्या खोलीत सुईण नाळ कापते, मातीचे बोट बाळाच्या बेंबीला लावते, आणि मी लिहिले आहे की त्या क्षणी बाळ भूमीचे झाले. एका परीक्षणात याच परिच्छेदाची स्तुती झाली होती.

आई म्हणाली, "लई छान लिहिलंस बाई मातीचं. पण तुझ्या पुस्तकात माती हाये, माझा बाळू नाही."

मला एवढेच माहीत होते की माझ्याआधी एक मूल 'राहिले नाही'. बाकीचे त्या दुपारी कळले. 1972 च्या दुष्काळानंतरचे वर्ष. कन्नडकडच्या आमच्या गावी बाळंतपण. नाळ विळ्याने कापली, वर चुलीतली राख आणि शेणमाती लावली, जशी साऱ्यांना लावीत. पाचवी पुजली, सटवाईपुढे कोरा कागद ठेवला. सहाव्या दिवशी बाळाने छाती तोंडात धरली ती ओढेना. सातव्या दिवशी जबडा आवळला, अंग धनुष्यासारखे वाकले. आठव्या दिवशी गेले. म्हाताऱ्या म्हणाल्या, सटवाईने तेवढेच लिहिले होते. आई सत्तरी ओलांडून गेली आहे. ती हे सांगताना वाती वळायची थांबली नाही.

तो नवजात बाळाचा धनुर्वात होता. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. ताज्या नाळेच्या जखमेतून ते आत शिरतात आणि साधारणतः तिसऱ्या दिवसानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत रोग दिसू लागतो. सटवाईची रात्र बरोबर या दिवसांत येते, हा योगायोग नसावा असे मला आता वाटते. आमच्या बायकांनी तारीख अचूक ओळखली होती, कारण ओळखले नव्हते. गरोदरपणी टोचली जाणारी लस, स्वच्छ पाते, दवाखान्यातली बाळंतपणे यांनी हा रोग मागे हटवला. माता आणि नवजात यांचा धनुर्वात आरोग्याचा मोठा प्रश्न म्हणून भारतातून हटल्याचे 2015 साली मान्य झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांनी घरोघर जाऊन नवजात बाळाची निगा आणि जंतुदोषावर उपचार केले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 39 गावांत, नवजात बालकांचे मृत्यू शेकडा 62 इतके घटल्याचे दिसले. आरोग्यदूत ज्याच्याशी लढत होती त्यातले बरेचसे डोळ्यांना न दिसणारेच होते.

म्हणजे माझा परिच्छेद खोटा होता. भाषा खोटी नव्हती. पण त्या खोलीत मी मातीला एक नाव दिले आणि तिच्यात काय आहे ते पाहिले नाही. श्यामच्या आईने मातीला मळ म्हटले, मी माता म्हटले. दोन्हीकडे माती ही केवळ उपमा. समीक्षकांनी ग्रामीण साहित्याला अनेक दोष दिले आहेत, बोलीचा अतिरेक, ठरावीक पाटील, ठरावीक विहीर. माझ्या मते मोठा दोष हा आहे की मातीवर इतके लिहूनही आम्ही तिला तपशील दिला नाही. नाळेच्या जखमेवरची शेणमाती, नवव्या महिन्यात रांगणाऱ्या हाताला लागणारी कडुनिंबाखालची माती, नाल्याकाठची मैल्याने भिजलेली माती, गॅरेजपुढची तेल सांडलेली माती: या चार गोष्टी आहेत. आम्ही त्यांना एकच शब्द वापरला. दया पवारांच्या 'बलुतं'ने 1978 साली हे मराठीला ऐकवले होतेच. त्यातली मुंबईची वस्ती वाचताना कोणी मातीचा सुगंध घेऊ शकत नाही. ज्याला राहायला उकिरड्याशेजारीच जागा मिळते त्याच्या मुलाला 'निसर्गाचा सहवास' लाभतो असे म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. त्याला लाभतात ती हगवण आणि जंत.

याउलट एक पुस्तक मला कादंबऱ्यांच्या वर ठेवावेसे वाटते, आणि ते कथावाङ्मय नाही. अनुताई वाघांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून'. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई त्यांना तिथे मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांची साधने केली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आणि त्याच वेळी मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हाही शिक्षणाचाच भाग धरला. मातीत बसवायचे आणि हातही धुवायचे, यात त्यांना विरोध दिसला नाही. त्यांना कोणताही सिद्धांत मांडायचा नव्हता; मुले समोर होती. (सरकारने 1975 साली एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आमच्या शहरातल्या कितीतरी अंगणवाड्या एका भाड्याच्या खोलीत भरतात. शब्दात अंगण शिल्लक आहे.)

कोसबाडची आठवण मला फिनलंडच्याच एका प्रयोगाने करून दिली. 2020 साली तिथल्या संशोधकांनी दहा पाळणाघरांतल्या तीन ते पाच वर्षांच्या 75 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही पाळणाघरांच्या खडी घातलेल्या आवारात त्यांनी जंगलातली जमीन, पाल्यापाचोळ्यासकट आणि झुडपांसकट, आणून अंथरली, हिरवळ लावली, मुलांना तिथे रोज खेळू दिले. अठ्ठावीस दिवसांत मुलांच्या कातडीवरच्या जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात त्या नियंत्रक पेशींच्या बाजूचे बदल दिसले. प्रयोग लहान आहे. त्याने रक्तातल्या खुणा मोजल्या, दमा कमी झाला असे काही सिद्ध केलेले नाही. तरी पण माझ्यासारखीला त्यातली एक गोष्ट पुरेशी बोलकी वाटली. जंगलाची जमीन त्यांनी निवडून आणली. उकिरडा आणला नाही.

विज्ञानाची ही निवडक दृष्टी आपल्याकडच्याही एका कामात दिसते. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर केलेला एक प्रयोग 2017 साली 'नेचर'मध्ये आला. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत एक निवडलेला, आंबवलेल्या पदार्थांत आढळणाऱ्या जातीचा जीवाणू, त्याला पोसणाऱ्या शर्करेसह, आठवडाभर पाजला. जंतुदोष किंवा मृत्यू शेकडा 9 वरून 5.4 वर आला. इथे बाळाला सोबती दिला गेला, पण ओळखून, मोजून.

हे सगळे घेऊन मी पुन्हा पालकसभेत गेले. यावेळी काळी आई घरी ठेवली. जंतांविषयी विचारणाऱ्या आईला आधी तिचे बरोबर होते असे सांगितले. 2015 पासून देशात जंतनाशक दिन पाळतात आणि एक वर्षावरच्या मुलांना गोळी मिळते, ती चुकवायची नाही. खेळून आल्यावर आणि डब्यापूर्वी हात साबणाने धुवायचे. कुत्रीमांजरे रात्री घाण करू नयेत म्हणून वाफ्याला जाळी. धनुर्वाताची लस कोणाची राहिली असेल तर आधी ती. मग म्हटले, एवढे करून कडुनिंबाखालची जमीन उघडी राहू द्या. तिच्यात दूर्वा, तुळस, सदाफुली, जे जगेल ते लावू. व्यवस्थापनाने निम्मी जमीन झाकायची आणि निम्मी ठेवायची असा निर्णय केला. निम्म्याचे दुःख आहेच. पण मला वाटते पहिल्या भाषणाने तीही राहिली नसती.

वहिनीशी मात्र मी वाद घातला नाही. बाळाच्या इसबाविषयी डॉक्टरांना विचारले. फुटलेल्या कातडीला मातीचे उपचार नकोत, आधी ती भरून येऊ दे, असे त्यांनी सांगितले, आणि ते मला पटले. कातडी आता बरीच निवळली आहे. परवा किल्ला करताना खालच्या मुलांनी खऱ्या मातीचा आग्रह धरला. वेरूळकडून कोणाच्या तरी शेतातली दोन पोती आली. बाळाला घेऊन आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. त्याने वाकून ओल्या चिखलात पाचही बोटे खुपसली आणि हात तोंडाकडे नेला. आईने तो मध्येच पकडला. रागावली नाही, सोडलाही नाही. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, पण तिनेही लगेच धुतला नाही. बराच वेळ तो हात तसाच चिखलाने माखलेला, आईच्या मुठीत होता, आणि बाळ त्याच्याकडे पाहत होते.

माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. प्रकाशकांनी विचारले, काही दुरुस्त्या आहेत का. तो परिच्छेद काढून टाकावा असे आधी मनात आले होते. पण आता तो राहील, कारण गावात सुईणी तसेच करीत आणि तसेच बोलत. त्याच्यापुढे एक प्रकरण वाढेल, आठ दिवसांचे. आईला विचारले, नाव बदलू का? ती म्हणाली, "नको. बाळूच लिही. त्याचं दुसरं नाव ठिवायचं राहूनच गेलं."